फुरसतीचे वाटप

पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूरमार्गे नगरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा. आळे हे गाव जुने. फाटा मात्र रस्त्यांनी वसवला. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून पोटासाठी बाहेर पडलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या अशाच फाट्यांवरून गेली आणि जी परत आली, ती येथेच उतरली. एखाद्या प्रदेशातील श्रमाचा आणि विश्रांतीचा हिशेब मांडायचा असेल, तर सरकारी अहवाल उघडण्यापूर्वी अशा चौकात उभे राहून कोण कोणत्या वयात आणि कोणत्या अवस्थेत परत येतो, हे पाहावे.

आळेफाट्याच्या परिसरात आज काम थांबण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली, हिंजवडीतील संगणक कंपनीत किंवा चाकणच्या कारखान्यात वरच्या पगारावर असलेल्या मध्यमवर्गीयाची. पंचेचाळिशीत नोकरी सोडावी, एक-दोन एकर जमीन घ्यावी, मुलाबाळांत राहावे, असे त्याला वाटते. दुसरी, चाळीस वर्षांपूर्वी ज्याच्या गिरणीचे दार बंद झाले आणि जो भर उमेदीत ‘निवृत्त’ झाला, त्या मुंबईच्या कामगाराची. आणि तिसरी, नारायणगावच्या टोमॅटोच्या किंवा आळ्याच्या कांद्याच्या रानात पहाटेपासून वाकलेल्या शेतमजूर बाईची. निवृत्ती हा शब्द तिच्या आयुष्यात येतच नाही. हातपाय चालेनासे झाले की काम थांबते, इतकेच. नोकरी, घरासाठी वेळ आणि लवकर निवृत्ती यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न अलीकडे पहिल्या माणसाच्या तोंडून फार ऐकू येतो. परंतु या तिघांना एकत्र पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर सापडणार नाही.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की पहिल्या माणसाची इच्छा चुकीची नाही. ती चैनीची लक्षणे म्हणून तिची टिंगल करण्याची सवय डाव्या चळवळीतही आहे; ती सोडली पाहिजे. जो माणूस सकाळी सातला घर सोडतो, दोन-दोन तास वाहनांच्या गर्दीत घालवतो, रात्री नऊला परततो आणि त्यानंतरही ज्याला कंपनीचा फोन उचलावा लागतो, त्याची मुले त्याला झोपलेलीच दिसतात. अशा वेळी देशातील बडे उद्योगपती त्याला आणखी काम करण्याचा उपदेश करतात. २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. २०२५ च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम केल्यामुळे ओढवलेल्या पक्षाघाताने व हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. या पार्श्वभूमीवर कोणाला पंचेचाळिशीत सुटका हवीशी वाटत असेल, तर तो आळशी नव्हे. तो शहाणा आहे. जे कारखान्यातील फिटरला कळते, ते संगणकापुढे बसणाऱ्यालाही आता कळू लागले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

चूक इच्छेत नाही. ती ज्या वाटेने पुरी करायची म्हणतात, त्या वाटेत आहे. ती वाट अशी सांगितली जाते: वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी साठवावी, ती गुंतवावी, दरवर्षी तिच्यातील चार टक्के काढावेत आणि नोकरीला रामराम ठोकावा. हा ठोकताळा १९९४ मध्ये अमेरिकेतील शेअर-रोख्यांच्या इतिहासावरून आणि तीस वर्षांच्या निवृत्तिकाळासाठी मांडला गेला. पंचेचाळिशीत घरी बसणाऱ्याला कदाचित चाळीस वर्षे काढायची असतात, आणि येथील महागाई अमेरिकेतील नव्हे. पण ते बाजूला ठेवू. समजा, एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च ६० हजार रुपये आहे. वर्षाचे ७ लाख २० हजार. त्याच्या २५ पट म्हणजे १ कोटी ८० लाख. आता समजा, शेतमजूर बाईला दिवसाला ४०० रुपये मिळतात आणि वर्षात २०० दिवस काम लागते. तिची वर्षाची कमाई झाली ८० हजार. एक पैही खर्च न करता ती पुंजी उभी करायला तिला २२५ वर्षे लागतील. हा हिशेब कोणाला खिजवण्यासाठी नाही. जी वाट समाजातील फार थोड्यांनाच खुली आहे, तिला वेळेच्या प्रश्नाचे उत्तर म्हणता येत नाही, हे त्यातून दिसते.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पैसा स्वतः काहीच पिकवत नाही. निवृत्ताला मिळणारे चार टक्के म्हणजे त्या वर्षी दुसऱ्या कोणी तरी केलेल्या श्रमावरचा हक्क होय. चाकणच्या वसाहतीत जो मुलगा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे, ज्याला कायम होण्याची आशा नाही, त्याच्या कामातून कंपनीचा नफा निघतो, नफ्यातून लाभांश निघतो आणि त्या लाभांशावर कोणाची तरी फुरसत उभी राहते. प्रत्येक समाजात काम न करणाऱ्यांना काम करणारेच पोसतात. लहान मुले, वृद्ध, आजारी यांना पोसणे हे तर समाजाचे भूषण आहे. वाद पोसण्याचा नाही. फुरसत वयाप्रमाणे आणि गरजेप्रमाणे वाटायची की पुंजीप्रमाणे, असा हा वाद आहे.

पुंजी नसलेल्याची मुदतपूर्व निवृत्ती कशी असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. उत्तर पुणे जिल्ह्यातील गावांतून मुंबईच्या गिरणीत गेलेला माणूस गाळ्यात राहत असे. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारी गावची माणसे, जेवण खाणावळवालीकडे. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा त्या बायकांच्या श्रमावर गिरणगाव किती उभे आहे, हे पुष्कळांना प्रथमच कळले. गिरणीवाल्याची स्वतःची बायको मात्र गावी. शेत, जनावरे, सासू-सासरे आणि मुले तिच्या अंगावर. नवरा दिसायचा तो दिवाळीला, गावच्या यात्रेला आणि लग्नसराईला. आज ज्याला ‘कुटुंबासाठी वेळ’ म्हणतात, तो त्या जोडप्यांच्या वाट्याला वर्षातून मोजके दिवस येई. कामगार त्यावर समाधानी होता, कारण शेवटी भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाची रक्कम घेऊन, साठीच्या आसपास, गावी परतून उरलेले आयुष्य घरच्यांत काढता येईल, असा त्याचा हिशेब होता. उभ्या आयुष्याचा विरह त्याने त्या शेवटच्या काही वर्षांच्या बोलीवर सोसला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप विधिवत मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. हजारो कामगार त्या काळात गावी परतले आणि पुष्कळांना गिरणीने पुन्हा कामावर घेतले नाही. चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस ट्रंक घेऊन फाट्यावर उतरला आणि घरच्यांना जो ‘वेळ’ त्याने दिला, तो बेकारीचा वेळ होता. मुलांच्या शाळा सुटल्या, बायकोचे मजुरीचे दिवस वाढले. पुढे नव्वदीच्या दशकात गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, तेव्हा उरलेल्यांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. त्या कागदावर ‘स्वेच्छा’ हा शब्द होता. पण पगार थकलेला, यंत्रे थंड आणि उद्याची शाश्वती नाही, अशा वेळी केलेल्या सहीला स्वेच्छा म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. कामगारांसाठी घरांची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. आणि सुमारे दीड लाख अर्जदारांपुढे तेव्हा सुमारे सात हजार घरे होती. १९८२ मध्ये चाळिशीत असलेला कामगार आज हयात असेल, तर तो ऐंशी ओलांडून गेला आहे.

त्याच १९८२ साली फ्रान्समध्ये काय घडले, ते आठवण्यासारखे आहे. मित्तेराँ यांच्या समाजवादी सरकारने कामाचा आठवडा ३९ तासांवर आणला, पगारी रजेचा पाचवा आठवडा दिला आणि निवृत्तीचे वय ६५ वरून ६० वर आणण्याचा निर्णय घेतला. तेथेही लवकर निवृत्तीच होती. पण ती कायद्याने आली, निवृत्तिवेतनासह आली आणि सर्वांसाठी आली. तो लाभ पुढे अबाधित राहिला नाही. २०१० मध्ये वय ६२ आणि २०२३ मध्ये ६४ करण्याचे कायदे झाले. परंतु त्याविरुद्ध लक्षावधी माणसे महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरली. मुंबई आणि पॅरिस यांची तुलना सर्वार्थाने करता येत नाही, हे खरे. देशाची श्रीमंती वेगळी, इतिहास वेगळा. तरीही एक फरक डोळ्यांत भरतो. तेथे निवृत्तीचे वय हा राजकारणाचा विषय झाला. येथे तो मालकाच्या ताळेबंदाचा किंवा नोकरदाराच्या बचतवहीचा विषय राहिला.

हा प्रकार गिरण्यांपुरता संपला असेही नाही. भारत संचार निगमच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८ हजारांहून अधिक कर्मचारी घरी गेले. ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांच्या जवळजवळ निम्मी होती. त्यांना निवृत्तिवेतन होते, ही जमेची बाजू. पण वर्षानुवर्षे खिळखिळ्या केलेल्या उपक्रमात पगार वेळेवर न होण्याचा अनुभव घेतल्यानंतर त्यांनी तो पर्याय निवडला होता. खासगी क्षेत्रातील कामगाराची स्थिती याहून वाईट आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पन्नाशीनंतर मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेता येते. परंतु ५८ व्या वर्षाच्या अलीकडे असलेल्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात सोसावी लागते. आणि कपात कशातून? या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ च्या सप्टेंबरमध्ये दरमहा १००० रुपये ठरले आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो आकडा हलला नाही. ज्याने तीस वर्षे यंत्रापाशी घालवली, त्याला उतारवयात दिवसाचे तेहतीस रुपये!

आता तिसरीकडे वळू. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यातील आदिवासी बायका मजुरीसाठी पूर्वेकडील बागायती पट्ट्यात उतरतात. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने हा पट्टा हिरवा झाला, टोमॅटो आणि कांद्याचे बाजार उभे राहिले. पण ज्या हातांनी ती रोपे लावली, त्यांना रजा नाही, निधी नाही, निवृत्ती नाही. रानातले काम संपले की घरचे काम सुरू होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की, घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. हा फरक शेतमजुराच्या घरातलाच नव्हे. संगणक अभियंत्याच्या घरातलाही आहे. पंचेचाळिशीत निवृत्त होऊन आलेला गृहस्थ व्हरांड्यात चहा मागवतो, तेव्हा त्याची बायको कशातून निवृत्त झाली, हे विचारले पाहिजे. घरासाठी वेळ देणे म्हणजे घरी बसणे नव्हे. घरातील श्रमाचा वाटा उचलणे, हा त्याचा खरा अर्थ.

वेळ ही खासगी मालमत्ता नाही, हे महाराष्ट्रातील कामगारांना सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच उमगले होते. १८८४ मध्ये जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारकडे मागण्या मांडल्या. पहिली मागणी आठवड्याला एक दिवस सुट्टीची होती. दुसरी दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. पुढे १८९० च्या जूनमध्ये मुंबईतील गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी मुलांना घेऊन माणसे शिवनेरीवर जातात, तो रविवार कोणी बचत करून विकत घेतलेला नाही. तो लढून मिळवलेला आहे. आठ तासांचा दिवसही तसाच. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखात्याची जबाबदारी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कारकिर्दीत ५४ तासांचा आठवडा ४८ वर आणणारा कायदा आकाराला आला आणि १९४६ मध्ये तो संमत झाला.

म्हणूनच उलट दिशेने पडणाऱ्या पावलांकडे दुर्लक्ष करणे परवडणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांवर नेणाऱ्या बदलांना मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. परंतु कंत्राटी कामगाराची संमती किती स्वेच्छेची असते, हे स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांनी एकदा शिकवले आहे. मंचर किंवा नारायणगावहून चाकणला येणाऱ्या मुलाने बारा तास काम केले आणि येण्याजाण्यात तीन तास घालवले, तर झोप, जेवण आणि घर यांसाठी नऊ तास उरतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स याने १९३० मध्ये असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांत उत्पादकता इतकी वाढेल की आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. उत्पादकता वाढली, तास वाढवण्याची भाषा मात्र अजून चालूच आहे. वाढलेल्या उत्पादनाचा वाटा फुरसतीच्या रूपाने कामगाराला द्यायचा की नफ्याच्या रूपाने मालकाला, याचा निर्णय यंत्र करीत नाही. तो राजकारणात होतो.

‘असंघटित मजुराला एकच मालक नसतो, मग त्याला निवृत्तिवेतन कोण देणार?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहणारे सातारा-पुण्याकडील हमाल रोज वेगळ्या व्यापाऱ्याचे काम करीत. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर मंडळाकडे लेव्ही भरायची आणि मंडळाने त्यातून कामगाराला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, पगारी सुट्टी द्यायची, अशी ती व्यवस्था. मालक शंभर असले तरी हक्क एक राहू शकतो, हे त्या कायद्याने सिद्ध केले. केरळने १९८० मध्ये शेतमजुरांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेही असेच कोणा एका मालकावर अवलंबून नव्हते. २०१२ मध्ये बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन प्रत्येक कष्टकरी वृद्धाला मिळावे, अशी मागणी दिल्लीच्या दारात नेऊन ठेवली. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही मागणी अवास्तव नव्हे, तर किती माफक आहे ते कळते. आळेफाटा आणि नारायणगाव येथील बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावर लहानशी लेव्ही बसवून, तिच्यात राज्य सरकारने भर घालून, शेतमजुरांचे मंडळ का उभे राहू नये? मात्र ही लेव्ही व्यापारावर बसावी, भाव कोसळल्यावर कांदा रस्त्यावर ओतणाऱ्या शेतकऱ्यावर नव्हे; हे पथ्य पाळले नाही, तर मजूर आणि लहान शेतकरी एकमेकांपुढे उभे ठाकतील.

अशी भांडणे लावण्याचे प्रयत्न होतातच. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातील सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, तेव्हा ‘शेतकऱ्याला काहीच नसताना यांना कशाला?’ असा सूर गावोगाव निघाला. त्या रागाला कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एकाचे निवृत्तिवेतन काढून घेतल्याने दुसऱ्याला ते मिळत नाही. दोघेही उघडे पडतात, इतकेच. कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीही मजुरांच्या निवृत्तिवेतनाची मागणी आपल्या मागणीपत्रात घातली असती, तर तो सूर इतका चढला नसता.

शेवटी चळवळीच्या घरातला प्रश्न. कामगारांच्या आठ तासांसाठी अहोरात्र झटणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी चूल कोणी पेटती ठेवली? मुलांची फी कोणाच्या पगारातून गेली? बहुधा शिक्षिका किंवा परिचारिका असलेल्या त्याच्या बायकोने दोन नोकऱ्या केल्या, एक बाहेर आणि एक घरात, आणि सत्कारसमारंभात तिच्या वाट्याला ‘समर्थ साथ’ एवढे दोन शब्द आले. फुरसतीचे न्याय्य वाटप मागणाऱ्यांनी ते स्वतःच्या उंबऱ्याच्या आत प्रथम करून दाखवले पाहिजे. रात्री अकराला संपणाऱ्या बैठकांना बायका येऊ शकत नाहीत, हे ठाऊक असूनही त्या बैठका अकरालाच संपतात. निदान ही गोष्ट बदलायला कोणत्याही सरकारच्या मंजुरीची गरज नाही.

पंचेचाळिशीत सुटका शोधणाऱ्या मध्यमवर्गीयाला चळवळीने परका मानू नये. वेळ हिरावला जातो म्हणजे काय, हे तो रोज अनुभवतो आहे. एकट्याच्या पुंजीचा मार्ग त्याला दाखवणारे पुष्कळ आहेत. तो ज्या जमिनीकडे डोळे लावून बसला आहे, तिच्या बांधापलीकडे साठी उलटलेली बाई अजून खुरपते आहे, आणि तिच्या विश्रांतीची व्यवस्था करणारा कायदाच त्याच्या मुलांनाही उतारवयात आधार देईल, हे त्याला समजावून सांगणारे मात्र थोडे आहेत. ते काम कार्यकर्त्यांनी करावयाचे आहे. ते जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी, बाजार समितीच्या आवारात आणि चाकणच्या पाळीच्या गाड्यांच्या थांब्यावर करावयाचे आहे.